‘टायपिंग…’ बंद का होत नाही, आणि तोवर काय करायचं

प्रश्न असा आहे: “वडिलांच्या आजारपणावरून थोरल्या भावाशी रोज मेसेजवर बोलावं लागतं. विषय नाजूक, म्हणून मी एक वाक्य लिहिते, खोडते, पुन्हा लिहिते. तेवढा वेळ त्याला वर ‘टायपिंग…’ दिसत राहतं. शेवटी मी दोन ओळी पाठवल्या की त्याचा फोन येतो, ‘दहा मिनिटं लिहीत होतीस, काय पुसलंस?’ सेटिंगमधला एकेक पर्याय उघडून पाहिला. ब्लू टिक बंद झाली, लास्ट सीन बंद झालं, हे मात्र बंद होत नाही. मी पुसलेलं त्याला दिसतं का? आणि हे बंद कसं करायचं?”

पुसलेलं त्याला दिसत नाही. हे आधी सांगते, कारण प्रश्नातली खरी धास्ती तीच वाटली. तुमच्या फोनवरून त्याच्या फोनकडे ‘ही व्यक्ती लिहिते आहे’ एवढीच खूण जाते, अक्षर एकही जात नाही. आता दुसरं: व्हॉट्सॲप आणि टेलिग्राम या दोन्हींच्या अधिकृत ॲपमध्ये ही खूण बंद करण्याची सोय नाही. तुम्ही तिसरं कुठलं ॲप वापरत असाल तरी, सगळी सेटिंगं उघडूनही पर्याय सापडला नसेल तर तो बहुधा नाहीच. तुमच्या शोधण्यात काही राहून गेलेलं नाही. मी चौदा वर्षं मेसेजिंग ॲपं बनवणाऱ्या टीममध्ये काम करते आहे आणि ही खूण पाठवणारा कोड मी स्वतः लिहिलेला आहे. बटण देणं अवघड म्हणून ते दिलेलं नाही, असं तुम्हाला कोणी सांगितलं तर त्यावर विश्वास ठेवू नका. तांत्रिकदृष्ट्या ते अर्ध्या दिवसाचं काम आहे.

ही खूण चालते कशी ते समजून घ्या, म्हणजे पुढचे उपाय का चालतात आणि काही का चालत नाहीत ते लक्षात येईल. तुम्ही लिहायच्या चौकटीत पहिलं अक्षर उमटवलंत की ॲप सर्व्हरला कळवतं, ‘लिहिणं सुरू’. सर्व्हर ते समोरच्या फोनला कळवतो. ही खूण साठवून ठेवलेली नसते. तिला आयुष्यच काही सेकंदांचं असतं. टेलिग्रामने बॉट (माणसाऐवजी आपोआप मेसेज पाठवणारे प्रोग्राम) बनवणाऱ्यांसाठी लिहिलेल्या नियमांत ते स्पष्ट दिलं आहे: खूण ५ सेकंद किंवा त्याहून कमी वेळ टिकते, काम चालू असेल तर ती पुन्हा पाठवायची. त्याच नियमांत केवळ ‘लिहितो आहे’ एवढंच नाही, तर ‘आवाज रेकॉर्ड करतो आहे’, ‘फोटो चढवतो आहे’, ‘स्टिकर निवडतो आहे’ अशा वेगवेगळ्या खुणा आहेत. तुम्ही विचार करायला थांबलात की खूण विझते, पुन्हा बोट लावलंत की पेटते.

तुमच्या भावाला दिसते ती ही उघडझाप. सलग दहा मिनिटं खूण दिसली असती तर माणूस म्हणाला असता, मोठा मेसेज येतोय. पण ती पेटते, विझते, पुन्हा पेटते, मध्येच मिनिटभर काहीच नाही, आणि अखेरीस येतात दोन ओळी. वेळ आणि ओळी यांचा मेळ बसत नाही, आणि त्या फटीत समोरचा माणूस स्वतःच्या मनातलं भरतो. आजारपणासारख्या विषयात भरलं जातं ते बहुतेक वेळा वाईटच असतं. अक्षर न पाठवताही तुमची चलबिचल मात्र पोचलेली असते. माझी या खुणेवर हरकत आहे ती नेमकी इथे: ती तुमच्या वतीने पाठवलेला एक मेसेजच आहे, आणि तो पाठवायचं बटण तुम्ही दाबलेलं नसतं.

थोडं मागे जाते. १९७३ मध्ये इलिनॉय विद्यापीठात प्लेटो नावाच्या संगणक प्रणालीवर डग ब्राउन आणि डेव्हिड वूली यांनी टॉकोमॅटिक नावाचा प्रोग्राम बनवला. एका वेळी पाच जणांना त्यावर गप्पा मारता यायच्या, आणि प्रत्येकाचं लिहिणं अक्षरागणिक सगळ्यांना दिसायचं. चूक, खाडाखोड, सगळं उघड्यावर. पुढे युनिक्स या संगणक प्रणालीवरच्या ‘टॉक’ प्रोग्राममध्येही तसंच होतं. मग पद्धत बदलली: लिहायची चौकट आपल्याकडे, आणि ‘पाठवा’ म्हटल्यावरच मजकूर पलीकडे. लिहिणाऱ्याला त्यातून एक आडोसा मिळाला. बोलताना जीभ घसरली की शब्द परत घेता येत नाही. इथे घेता येऊ लागला. ‘टायपिंग…’ने त्या आडोशाला पुन्हा एक झरोका पाडला. आत काय चाललंय ते दिसत नाही, पण आत कोणीतरी आहे आणि येरझाऱ्या घालतंय हे दिसतं.

आता जो भाग मला सर्वांत जास्त लागतो तो सांगते. मेसेजिंगसाठी एक्सएमपीपी नावाची खुली, म्हणजे कोणत्याही ॲपला वापरता येणारी, पद्धत आहे. तिची सुरुवात १९९९ मध्ये जॅबर या नावाने झाली. या पद्धतीत एक्सईपी-००८५ या क्रमांकाचं एक पत्रक आहे, चॅटमधल्या अशा खुणांबद्दलचं. पाच अवस्था त्यात दिल्या आहेत: हजर, लिहितो आहे, लिहिता लिहिता थांबला, बराच वेळ हालचाल नाही, निघून गेला. आज तुम्हाला दिसणारी ‘टायपिंग…’ म्हणजे यातली दुसरी अवस्था. पण त्याच पत्रकात सुरक्षेच्या भागात लिहून ठेवलं आहे की या खुणांवरून माणूस यंत्रापुढे बसला आहे की नाही हे कळतं, म्हणून ज्यांच्यावर तेवढा भरवसा नाही त्यांना त्या दाखवू नयेत. आणि त्या बंद करण्याची सोय ॲपने वापरणाऱ्याला दिलीच पाहिजे. ‘दिली तर बरं’ असं नाही, ‘दिलीच पाहिजे’. व्हॉट्सॲप २००९ मध्ये सुरू झालं तेव्हा त्याचा सर्व्हर एक्सएमपीपीच्याच ईजॅबरडी या खुल्या सॉफ्टवेअरवर उभा होता आणि त्याची संदेशपद्धतही एक्सएमपीपीतूनच बेतलेली होती. म्हणजे खूण त्या घराण्यातून आली, तिच्याबरोबरची अट मात्र आली नाही. आपण अवाजवी काही मागतो आहोत असं तुम्हाला क्षणभरही वाटू देऊ नका. ज्यांनी ही खूण नीट विचार करून आखली, त्यांनी तुमची मागणी आधीच लिहून ठेवली होती.

मग बटण का नाही? अशा बैठकांना मी बसले आहे, म्हणून तिथे काय बोललं जातं ते सांगू शकते. पहिलं कारण असतं आळसाचं, पण खरं: प्रत्येक नवीन बटण म्हणजे नवी चाचणी, सगळ्या भाषांत नवं भाषांतर, ‘माझी खूण दिसत का नाही’ अशा नव्या तक्रारी. दुसरं कारण, एकाने बंद केलं आणि दुसऱ्याचं पाहत राहिला तर ते अन्यायाचं होईल. यावरचा तोडगा सोपा आहे आणि तो पुढे सांगतेच. तिसरं कारण बैठकीत मोठ्याने बोललं जात नाही, पण तक्त्यांवर असतं: ‘टायपिंग…’ दिसलं की माणूस ॲप बंद करत नाही, उत्तर येईपर्यंत थांबतो. थांबलेला माणूस ॲप बनवणाऱ्याला हवाच असतो. माझ्या मते तिन्हींत वजन याच कारणाला आहे. एका टीममध्ये मी हे बटण सुचवलं होतं; ‘कोणी मागत नाही’ असं उत्तर मिळालं. मागणाऱ्यांची पत्रं तक्रारपेटीत होती, मीच वाचली होती. मी तेव्हा तो मुद्दा सोडून दिला, आणि तो सोडायला नको होता असं मला आजही वाटतं.

तरीही ही खूण मुळातच वाईट आहे असं मी म्हणणार नाही. २००९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दहा भाषांमधल्या संभाषणांची मोजणी झाली होती. एकाचं बोलणं संपून दुसऱ्याचं सुरू होईपर्यंतचं अंतर सरासरी २०० मिलिसेकंदांच्या आसपास निघालं. सेकंदाचा पाचवा भाग. समोरासमोर बोलताना आपल्याला एवढ्याच शांततेची सवय असते. लिहिताना ती शांतता काही सेकंदांची, मिनिटांची होते, आणि ‘टायपिंग…’ तिथे हुंकारासारखं काम करतं: आहे मी, ऐकतोय, थांब. त्यामुळे दोघांचे मेसेज एकमेकांवर आदळत नाहीत. ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्यासाठी तर याच्याही पुढची सोय आहे: रिअल-टाइम टेक्स्ट, ज्यात फोनवर बोलता बोलता मजकूर अक्षरागणिक पलीकडे जातो. तिथे अक्षर लगेच दिसणं हाच संवादाचा श्वास आहे. तेव्हा खूण काढून टाका असं मी कोणालाच सांगणार नाही. ज्याच्या बोटांतून ती निघते त्याच्या हाती तिचा चाप द्या, एवढंच.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कळायला हवी, कारण ‘मीच फार खोडते का’ अशी शंका तुमच्या मनात येत असेल. फेसबुकवरच्या लिहून न पाठवलेल्या मजकुराचा एक अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला, सौविक दास आणि ॲडम क्रेमर यांचा. ३९ लाख वापरकर्त्यांचा १७ दिवसांचा कालखंड त्यात पाहिला होता. त्यातल्या ७१ टक्के लोकांनी त्या काळात निदान एकदा तरी काहीतरी लिहायला घेऊन ते पाठवलं नव्हतं. लिहून पुसणं ही तुमची खोड नाही, ती लिहिण्याचीच रीत आहे. त्या अभ्यासात मजकूर नोंदवला नव्हता. पाचपेक्षा कमी नसलेली अक्षरं उमटली आणि दहा मिनिटांत ती पाठवली गेली नाहीत, एवढीच नोंद होती. पण तेवढ्या नोंदीतूनही माणसाबद्दल किती सांगता येतं ते पाहा. तुमच्या भावाकडेही अशीच नोंद असते, फक्त तो तिचा अर्थ आकडे न मोजता लावतो.

आता उपाय.

सगळ्यांत भरवशाचा उपाय साधा आहे: त्याच्या चॅटमध्ये लिहूच नका. फोनमधल्या नोट्समध्ये लिहा, हवं तितकं खोडा, रात्रभर ठेवा, आणि मग कॉपी करून त्याच्या चॅटमध्ये पेस्ट करून लगेच पाठवा. पेस्ट केल्यावर क्षणभर ‘टायपिंग…’ चमकू शकतं, पण ते सेकंदभराचं असतं, त्यातून कोणाला काही वाचता येत नाही. नोट्स उघडायचा कंटाळा असेल तर ॲपमध्येच स्वतःला मेसेज पाठवायची जागा असते. व्हॉट्सॲपमध्ये ती २०२२ पासून आहे, टेलिग्राममध्ये सेव्ह्ड मेसेजेस, सिग्नल या आणखी एका मेसेजिंग ॲपमध्ये स्वतःसाठीची नोट. तिथे लिहिताना पलीकडे दुसरं कोणी नसतं. तिथून पुढे पाठवताना ‘फॉरवर्ड’ करण्याऐवजी कॉपी करून पेस्ट करा; तिसऱ्याच कुणाचा मजकूर पुढे ढकलल्यासारखा तो दिसू नये म्हणून. एक खबरदारी घ्या: नोट्स घरातल्या दुसऱ्या टॅबवर किंवा संगणकावर त्याच खात्याने उघडत असतील तर तुमचा कच्चा मजकूर तिथेही पोचतो. वडिलांबद्दलचं लिहिणं असेल तर पाठवून झाल्यावर ती नोट काढून टाका.

एक बारकावा, जो फार जणांच्या लक्षात येत नाही. बरेच जण चॅटमध्ये अर्धं लिहून, बाहेर पडून, नंतर परत येऊन पूर्ण करतात. मजकूर ड्राफ्ट म्हणून राहतो. हे सोयीचं आहे, पण दर वेळी परत येऊन बोट लावलंत की खूण नव्याने पेटते. समोरचा तेव्हा चॅट उघडून बसला असेल तर त्याला उघडझापच दिसणार. तेव्हा ड्राफ्ट नोट्समध्येच ठेवा, चॅटमध्ये नको.

दुसरा उपाय म्हणजे इंटरनेट बंद करून लिहिणं, किंवा फोन विमान मोडवर टाकणं. खूण साठवली जात नसल्यामुळे नेट नसताना ती निघतच नाही, आणि नेट परत आल्यावर मागाहूनही जात नाही. पूर्ण लिहून ‘पाठवा’ दाबा, मग नेट सुरू करा, मेसेज जाईल. उपाय पक्का आहे, तरी तुमच्या बाबतीत मी तो सुचवणार नाही. घरात आजारी माणूस असताना विमान मोडवर विसरलेला फोन ही ‘टायपिंग…’पेक्षा मोठी अडचण आहे. नुसतं इंटरनेट बंद केलंत तर साधे फोन येत राहतील, तेवढं चालेल.

‘ऑनलाइन’ लपवण्याचा पर्याय मात्र या कामाचा नाही. व्हॉट्सॲपने तो २०२२ मध्ये दिला, लास्ट सीन त्याआधीपासून लपवता येत होतं. पण हजेरी लपवणं आणि लिहिण्याची खूण लपवणं या ॲपच्या आत दोन वेगळ्या गोष्टी आहेत. टेलिग्राम तर आपल्या माहितीपानावर सांगतंच की लास्ट सीन लपवलेलं असलं तरी तुम्ही कोणाशी थेट चॅटमध्ये काही केलंत तर त्या माणसाला तुम्ही सुमारे ३० सेकंद ऑनलाइन दिसता.

तिसरा उपाय ॲप बदलण्याचा, आणि तो मी मनापासून सुचवते, पण सगळ्या ओळखीपाळखीसाठी नाही. फक्त या एका संभाषणासाठी. सिग्नलमध्ये सेटिंग्जमधल्या प्रायव्हसीत ‘टायपिंग इंडिकेटर्स’ असं बटण आहे. ते बंद केलंत की तुमची खूण जात नाही आणि तुम्हालाही इतरांची दिसत नाही. अन्यायाच्या मुद्द्यावरचा सोपा तोडगा मघाशी म्हणाले तो हाच: जो दाखवत नाही त्याने पाहूही नये. गूगल मेसेजेसच्या आरसीएस चॅटमध्येही (एसएमएसच्या जागी आलेली, इंटरनेटवरून चालणारी पद्धत) टायपिंगची खूण आणि वाचल्याची पावती अशी दोन वेगळी बटणं आहेत. म्हणजे दोन मोठ्या ॲपमध्ये हे बटण दिलेलं आहे आणि तिथलं बोलणं काही कोसळलेलं नाही. भावाला सांगा की वडिलांबद्दलचं बोलणं आपण इथे करू. उपचारांची माहिती एका जागी राहील, हे कारणही खोटं नाही.

एका मार्गाने मात्र जाऊ नका. ‘टायपिंग लपवा’ असं शोधलंत की लोकप्रिय ॲपच्या बदललेल्या प्रती समोर येतात. त्यांत हे बटण खरंच असतं, आणि म्हणूनच लोक फसतात. २०२१ मध्ये कॅस्परस्की या संगणक-सुरक्षा कंपनीच्या संशोधकांना एफएमव्हॉट्सॲप या अशा प्रतीच्या एका आवृत्तीत ट्रायडा नावाचा ट्रोजन, म्हणजे लपून आत शिरणारा घातक प्रोग्राम, सापडला. २०२२ मध्ये योव्हॉट्सॲप या दुसऱ्या प्रतीत खात्याच्या किल्ल्या चोरणारा भाग सापडला. किल्ल्या गेल्या म्हणजे तुमच्या नावाने दुसराच कोणी बोलू शकतो. शिवाय अशी प्रत वापरणाऱ्यांची खाती व्हॉट्सॲप काही काळासाठी बंद करतं. भावापासून खाडाखोड लपवायला जाऊन सगळं बोलणंच परक्याच्या हाती द्यायचं, असा हा सौदा आहे. आणि अमुक कीबोर्ड बसवा म्हणजे खूण जाणार नाही, असं कोणी सांगितलं तर तेही करू नका. खूण चॅटचं ॲप पाठवतं, कीबोर्ड नाही, आणि अनोळखी कीबोर्डला मात्र तुमचं प्रत्येक अक्षर दिसतं.

ब्लू टिक बंद झाली म्हणता, त्यात एक पुरवणी जोडते. व्हॉट्सॲपमध्ये ते बटण ग्रुपला लागू होत नाही, आणि व्हॉइस नोट ऐकल्याच्या खुणेलाही लागू होत नाही. घरच्या ग्रुपमध्ये तुम्ही मेसेज वाचलात की नाही हे पाठवणाऱ्याला मेसेजच्या माहितीत दिसतं. भावाने ‘वाचून उत्तर दिलं नाहीस’ असं कधी म्हटलं असेल तर ते तिथून आलं असेल. ग्रुपमध्ये ‘टायपिंग…’ही नावासकट सगळ्यांना दिसतं, तिथे नोट्सचा उपाय आणखी गरजेचा.

आता एक अशी खूण, जिच्याबद्दल कोणी विचारत नाही आणि मला ‘टायपिंग…’पेक्षा जिची जास्त काळजी वाटते: मेसेज पोचल्याची पावती, ती दुसरी राखाडी टिक. वाचल्याची पावती बंद करता येते, पोचल्याची येत नाही. व्हॉट्सॲपमध्ये नाही, सिग्नलमध्येही नाही. २०२४ मध्ये व्हिएन्ना विद्यापीठ आणि एसबीए रिसर्च या संशोधन संस्थेच्या संशोधकांनी दाखवून दिलं की या पावतीचा दुरुपयोग होऊ शकतो. अस्तित्वातच नसलेल्या मेसेजवर ‘प्रतिक्रिया’ पाठवली तर समोरच्या फोनवर काहीच दिसत नाही, वाजत नाही, पण त्याचा फोन मुकाट्याने पोचपावती परत पाठवतो. ती परत यायला किती वेळ लागला ते पुन्हा पुन्हा मोजलं की फोन चालू आहे की बंद, स्क्रीन जागी आहे की नाही, त्या खात्याला किती उपकरणं जोडलेली आहेत, याचा अंदाज लागतो. हाती फक्त मोबाइल नंबर असला की पुरे. याच वाटेने फोनची बॅटरी आणि डेटा संपवताही येतो, हेही त्यांनी दाखवलं. अनोळखी खात्यांवरून येणारा मेसेजांचा मारा अडवण्याचं एक बटण व्हॉट्सॲपच्या प्रायव्हसीतल्या प्रगत भागात आहे, ते चालू करून ठेवा. पूर्ण बचाव होत नाही, थोडा होतो. तुमच्या भावाशी याचा काही संबंध नाही. पण आपल्या नकळत फोनने पाठवलेल्या खुणा किती बोलक्या असतात, ते कळावं म्हणून सांगितलं.

पुसलेलं दिसत नाही असं वर म्हटलं, त्याला एक अपवाद आहे. वेबसाइटवरच्या मदतीच्या चॅटखिडकीत काही सॉफ्टवेअर पलीकडच्या कर्मचाऱ्याला तुमचं लिहिणं पाठवण्याआधीच दाखवतं, अक्षरागणिक, थेट टॉकोमॅटिकसारखं. फरक एवढाच की तिथे सगळ्यांना ते माहीत होतं. रुग्णालयाच्या किंवा विमा कंपनीच्या अशा खिडकीत वडिलांबद्दल लिहाल तेव्हा रागाचं वाक्य लिहून पुसण्याच्या भरवशावर राहू नका. तेही आधी नोट्समध्ये.

ॲप बनवणाऱ्यांकडे तक्रार जरूर करा. ‘काय उपयोग’ म्हणाल, तर नोव्हेंबर २०१४ मध्ये व्हॉट्सॲपने ब्लू टिक आणली तेव्हा ती बंद करायची सोय नव्हती. लोकांनी इतकी ओरड केली की काही आठवड्यांत ती आली. तक्रार ॲपच्या आतूनच करा, मदत विभागातल्या ‘संपर्क साधा’मधून, म्हणजे ती आवृत्तीसकट योग्य टेबलावर जाते. ‘हे त्रासदायक आहे’ एवढंच लिहिलंत तर ती ‘अभिप्राय’ म्हणून बाजूला पडते. नेमकं लिहा: टायपिंगची खूण पाठवणं बंद करण्याचं बटण हवं, ते बंद केल्यावर मला इतरांची खूण दिसली नाही तरी चालेल, नाजूक बोलण्यात या खुणेमुळे घरात गैरसमज झाले. मधलं वाक्य मुद्दाम घाला. त्याने बैठकीतला अन्यायाचा मुद्दा आधीच निकालात निघतो, आणि अशी पत्रं वाचणाऱ्या माझ्यासारख्या कोणाच्या हाती वर दाखवायला काहीतरी राहतं.

राहिला भाऊ. नोट्समध्ये लिहायला लागलात की उघडझाप थांबेल, पण मागच्या दहा-बारा वेळांचं त्याच्या मनात साठलेलं असेल. मी तुमच्या जागी असते तर फोनवरच त्याला सांगितलं असतं: “दादा, मी पुसते ते तुझ्यापासून लपवायला नाही. बाबांबद्दल लिहिताना मला शब्द सापडत नाहीत, म्हणून पुसते.” ‘टायपिंग…’ पाहून तो दहा मिनिटं स्क्रीनकडे बघत बसतो, यावरून तोही त्याच धास्तीत असणार.